शेवटचा शब्द कानाचा

"गप बसा हो, इंजिन बोलतंय," असं म्हणून गॅरेजवाले काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ कानाला. डोळे मिटलेले. नाडी पाहणारे वैद्य तुम्ही पाहिले असतील; हे तसेच, फक्त हात काळे.

रत्नागिरीत आमच्या घराजवळच त्यांचं गॅरेज होतं. साध्या गाडीला बाहेरून आणलेला, इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो बसवायचा आणि तो इंजिनाच्या पचनी पाडायचा, यात त्यांचा हातखंडा. जुळवाजुळवीला लॅपटॉप असायचा, पण शेवटचा शब्द कानाचा.

मला टर्बो हवासा झाला, कारण आंबा घाटात दुधाच्या टेम्पोने मला मागे टाकलं, तेही मेहुणा शेजारी बसलेला असताना. पन्नाशीत माणसं गुडघ्यांची काळजी घेतात. मी टर्बो बसवून घेतला.

काम झाल्यावर काका म्हणाले, "आता वहिनींना आणा. सासूबाईंनाही. आणि आंब्याच्या चार पेट्या."

"त्या कशाला?"

"कोकणातली गाडी रिकामी कधी धावते काय? ट्यूनिंग भरल्या गाडीचं करायचं."

असं आमचं वऱ्हाड घाटाला लागलं. मी चालवतोय, ते शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. "दाबा!" ते ओरडले. गाडी अशी उसळली, की सासूबाईंनी लग्नानंतर प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं.

तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "काका, डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखं काय वाजतंय?"

त्यांचा चेहरा उतरला. तो आवाज म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी पेटतंय. तसंच दामटलं तर पिस्टन फुटतो. तो इतरांआधी ऐकण्यावरच तर त्यांचं नाव होतं.

"परत चढवा," म्हणाले. चढवली. खडखड आता मलाही स्पष्ट ऐकू आली. ते मान वाकडी करून आवाज शोधतच होते.

"तुम्हाला आलं ऐकू?" त्यांनी मला विचारलं.

"छे! हिला भास होतात," मी म्हणालो. बायकोने मागून चिमटा काढला.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खोटं नका बोलू. माझी लाज राखायला जाल आणि इंजिन फुटेल तुमचं."

मग गाडी थांबवायला लावून स्वतः मागे, सासूबाई आणि पेट्यांच्या मध्ये जाऊन बसले. "वहिनी, तुम्ही पुढे. वाजलं की हात वर करा."

बायकोचा हात वर गेला की ते टर्बोचा दाब थोडा उतरवायचे. गाडी पुन्हा घाटाखाली, पुन्हा वर. चौथ्या खेपेला हात मांडीवरच राहिला.

"झालं ना एकदाचं?" सासूबाई वैतागून म्हणाल्या.

"झालं," ते म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. त्यानंतर त्यांनी एकही टर्बो हातात घेतला नाही. लोक गयावया करायचे, ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या कानाने केलेल्या कामाला माझं नाव कसं देऊ?" वर्षभरात गॅरेज बंद करून ते केळशीला, बागेवर राहायला गेले.

परवा आम्ही त्यांना भेटायला गेलो. बागेच्या दगडी गडग्याशी गाडी थांबवली. ते पाठमोरे, आंब्याच्या कलमाला आळं करत होते; गाडीच्या आवाजाने त्यांची मान वळली नाही. माझा हात हॉर्नकडे गेला, तो बायकोने हलकेच धरला. मी इंजिन बंद केलं, आणि ते मागे वळून पाहीपर्यंत आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो.