नाव न घातलेला टिफिन

आमच्या घरातलं एक कपाट दिवाळीच्या भेटींचं आहे. आलेली भेट त्यात जाते आणि पुढच्या दिवाळीला दुसऱ्या कोणाच्या तरी घरी निघते. नवीन काही विकत घ्यायचं म्हटलं की आईच्या कपाळावर आठी. इतक्या वर्षांत त्या कपाटात वस्तूंइतकेच किस्सेही साचलेत. ते ऐकून मैत्रिणी हसतात, मीही हसते. पण आईला कोणी कंजूस म्हटलं की मी भांडते.

*

पहिला नियम कागदाचा. भेटीवरचा कागद फाडायचा नाही. चिकटपट्टी नखानं सोडवायची आणि कागद गादीखाली घालून सरळ करायचा. एका वर्षी कळंबच्या आत्याला चादर द्यायची होती आणि गादीखाली एकच कागद उरला होता. फुगे छापलेला, वर 'हॅपी बर्थडे'.

"आई, लाज वाटते मले."

"तुले वाटते तं तू बाहेर थांब."

आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, तो कागद सावकाश वाचला. साठी ओलांडलेला माणूस. म्हणाले, "बरं केलं वहिनी. या घरात तं कोणाच्या ध्यानातच राहत नाही." त्यांचा वाढदिवस खरंच त्याच आठवड्यात होता!

*

एक भिंतीवरचं घड्याळ आम्ही आत्याला दिलं. आत्यानं ते मोठीआईला, म्हणजे माझ्या मोठ्या काकूला दिलं. मोठीआई आमच्या शेजारीच राहते. तिनं ते पुढच्या दिवाळीला आम्हालाच दिलं.

मी चिडले. "हे आपलंच आहे. कोपऱ्यातला टवका पाह्य."

आईनं मागचं झाकण उघडलं आणि खूश झाली. "आपण सेल टाकून नव्हता देला. आता यात सेल आहे."

*

दुसरा नियम भांड्यांचा. आमच्या फुलसावंगीत फराळाची ताटं घरोघर फिरतात, म्हणून सगळे आपापल्या भांड्यांवर नाव कोरून घेतात. आमची भांडी कोरी. दर दिवाळीला एखादी वाटी जातेच.

"नाव घालून घे ना एकदाचं," मी म्हटलं.

"नाव घातलं की भांडं अडकते. मंग ते कोणाले देता येत नाही."

*

कपाटात सगळ्यात वर तीन डब्यांचा टिफिन होता, मामानं दिलेला, जाड स्टीलचा. माझं बी.एस्सी. झालं तेव्हा बाबांच्या मोठ्या भावाची, मोठेबाबांची, नजर त्यावर गेली. आमच्या घरचे निर्णय तेच घेतात.

"झालं ना शिक्षण? आता पोरगा पाहू. तो टिफिन हिच्या रुखवतात ठेवा."

मला यवतमाळला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. मी म्हटलं, "मंग मोठेबाबा, रुखवतात मलेच मांडून द्या."

ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. बाबा जमिनीकडे पाहत राहिले. पण त्या दिवाळीला आईनं घरात कोणासाठीच नवे कपडेही घेतले नाहीत. स्वतः नेसली तीही कपाटातलीच, कोणीतरी दिलेली साडी.

"माह्या फीसाठी करून राह्यली का?" मी विचारलं.

"फराळ वाटून ये," आई म्हणाली.

*

ते वर्ष घरीच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मी अर्ज भरला. यादी लागायची होती. एका सकाळी मोठेबाबा मोबाइलमध्ये एका मुलाचा फोटो घेऊन आले. आईनं त्यांना पाणी दिलं आणि समोर तो टिफिन ठेवला. आदल्याच दिवशी ती बाजारात नावं घालणाऱ्याकडे जाऊन आली होती.

मोठेबाबांनी चष्मा लावला. वरच्या झाकणावर कोरलं होतं: कु. रेणुका, एम.एस्सी.

"अजून तं हिची अ‍ॅडमिशनही नाही झाली," मोठेबाबा म्हणाले.

"हो ना भाऊजी," आई म्हणाली. "पण आता नाव घातलं."