ओटा फोडायचा खर्च

अंजना सिस्टरला किळस येत नाही, असं त्यांच्याबरोबर नोकरी केलेली माणसं अजून सांगतात. सरकारी दवाखान्यात त्यांची उभी हयात ड्रेसिंगच्या टेबलाशी गेली. उसाच्या चरकात सापडलेला हात, शुगरनं काळी पडलेली बोटं, घरच्यांनी महिनाभर झाकून ठेवलेली आणि शेवटी किडे पडलेली जखम. नव्या पोरी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळायच्या. अंजनाबाई तिथंच बसून, तांदळातले खडे निवडावेत तसे चिमट्यानं किडे निवडायच्या. मग कोपरापर्यंत हात धुवून डबा उघडायच्या आणि भाकरीवर झुणका घेऊन चवीनं जेवायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "जखम हाय ती. तिचा कसला राग?"

अशा बाईला आयुष्यात एकदा किळस आली. घाणीची नव्हे. स्वतःच्या लख्ख स्वयंपाकघरात उभ्या राहून, इस्त्रीचे कपडे घातलेल्या, अत्तर लावलेल्या, गोड बोलणाऱ्या माणसांची आली.

कळंब्याच्या वाटेवर त्यांचं घर आहे. आता तिथं दुकानं, अभ्यासिका, गाड्या धुण्याची शेड असं काय काय झालंय. पण अंजनाबाई आणि त्यांचे मालक भाऊसो यांनी प्लॉट घेतला तेव्हा तिन्ही बाजूंनी ऊस होता आणि रात्री कोल्हे ओरडायचे. भाऊसो उद्यमनगरात एका फाउंड्रीत साचे करायचे. वितळलेलं लोखंड ओतण्यात हयात गेलेला माणूस. त्याला कच्चं काम खपायचं नाही. पगारातनं उरेल तसं घर वर चढत गेलं. आधी पाया, मग थांबले. पुढच्या वर्षी कमरेइतक्या भिंती, मग थांबले. नळ नव्हता. सिमेंटच्या कामावर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं आणि पुढं भुगा होऊन गळतं. ते पाणी अंजनाबाईंनी आणलं. ड्युटीच्या आधी एकदा आणि ड्युटीवरनं आल्यावर एकदा, रस्त्यापलीकडच्या विहिरीवरनं, डोईवर घागर घेऊन. भाऊसो म्हणायचे, "मी चढवतोय, तू पाजतीयास."

जवळच्या ओढ्याचं पाणी पावसात रस्त्यावर येतं म्हणून भाऊसोंनी जोतं उंच घेतलं, पायऱ्या लावल्या. त्याच पायऱ्या पुढं अंजनाबाईंना वैरी झाल्या. भाऊसो गेले. मुलगी संघप्रिया पेठ वडगावला शाळेत शिकवते, ती तिथंच राहिली. अंजनाबाईंचे दोन्ही गुडघे झिजले. दूधवाला आला तरी त्या वरनं दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या. अशात संघप्रियाच्याच गल्लीत एक बैठं घर विकायला निघालं. दारात पायरीसुद्धा नाही. लेक हाकेच्या अंतरावर. घरमालक भला माणूस, म्हणाला, "महिनाअखेरपातुर थांबतो सिस्टर तुमच्यासाठी, पुढं न्हाय." म्हणजे कोल्हापूरचं घर महिनाअखेरीच्या आत विकायला हवं होतं. दुसरा पैसा नव्हता.

घरं दाखवणारा आण्णा म्हणून एक एजंट होता. तो गिऱ्हाईक आणायच्या आदल्या दिवशी येऊन बसला. चहा घेत घेत भिंतीकडं बघून म्हणाला, "सिस्टर, तेवढा बाबासाहेबांचा फोटो उद्याच्याला आत ठिवला तर? मी आपलं धंद्याच्या हिशेबानं सांगतोय."

"फोटो विकायचा न्हाय, आण्णा. तो माझ्यासंगं जाणार. मी हाय तोवर तो हितंच हाय."

आण्णानं कप खाली ठेवला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी पावणं आलं. विजयसिंह आणि त्याची बायको तेजस्वी, मूळचे गारगोटीचे. बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान. पोरं कोल्हापुरात शिकायला आणायची म्हणून घर बघत होते. बरोबर आकाराम मिस्त्री होता, कानावर पेन्सिल, खिशात वही. जुनं घर घेण्याआधी मिस्त्रीला फिरवून दुरुस्तीचा अंदाज काढणारं गिऱ्हाईक अंजनाबाईंना आवडलं. तपासून घेणारं माणूस पुढं तक्रार करत नाही, अशी त्यांची समजूत.

तेजस्वीनं आत आल्या आल्या फोटोला हात जोडले. "आमच्या दुकानातबी हाय हो मावशी. आम्ही तसलं काय मानत न्हाय."

अंजनाबाईंनी काही विचारलं नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कानाला जरा खटकलं, पण त्यांनी ते सोडून दिलं आणि पोहे लावले. विजयसिंहानं दोन बशा खाल्ल्या. तेजस्वीनं चहाची कृती विचारली. "आलं कवा घालतासा मावशी, आधी का मागनं?" घर हसऱ्या आवाजांनी भरून गेलं. अंजनाबाईंच्या मनात वडगावच्या बैठ्या घराचं दार उघडलं सुद्धा.

मग आकाराम उठला. गच्चीवर गेला, खाली आला. बोटाच्या पेरानं भिंती वाजवत फिरला. "भिंत घागरीवाणी वाजतीया की! कुणाचं काम ह्ये?"

"आमच्या मालकांचं," अंजनाबाई म्हणाल्या. "पर मागच्या खोलीत कोपऱ्याला पावसात ओल धरती. ते लिवा. खिडकीला वाळवी हाय खालनं. तीबी लिवा. वायरिंग जुनं झालंय."

आकारामनं चकित होऊन बघितलं. मालकानं आपल्या घराचं दुखणं आपणहून सांगितलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्यानं सगळं लिहिलं. मंडळी स्वयंपाकघरात आली.

"ओटा काढायचा," तेजस्वी म्हणाली.

आकारामनं ओट्यावर हात फिरवला. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. अंजनाबाईंनी निवृत्तीच्या पैशातनं घातलेला. "ह्यो? वैनी, ह्येला कुठं टवकाबी उडाला न्हाय."

"तरी काढायचा. खर्च धरा."

"बरं. आन खालची फरशी?"

"तीबी काढायची."

"मग भायल्या खोलीचीबी काढायची काय? एकाच खोक्यातली हाय."

"न्हाय न्हाय, ती असू दे. छान हाय ती."

आकारामची पेन्सिल जराशी थबकली. मग चालू झाली. पुढं पाण्याची टाकी. भाऊसोंनी स्वतः बांधलेली, थेंबभरही गळत नव्हती. "फोडून नवी धरा," विजयसिंह म्हणाला. मग स्वयंपाकघराचा उंबरा. "बदलायचा." मग धान्याची भिंतीतली फडताळं. "काढून टाका." प्रत्येक वेळी आकाराम काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. तिसऱ्या वेळेपासून त्यानं तोंड उघडायचंही बंद केलं आणि वर बघायचंही.

शेवटी मागची बाजू आली. तिथं मात्र अंजनाबाईंचाच जीव शरमेनं अर्धा झाला. घरात जुनं, मोडकं म्हणावं असं ते एकच ठिकाण होतं. संडासाचं भांडं तडकलेलं, भिंतीची फरशी सुटून पडलेली, दाराचा पत्रा खालनं गंजानं खाल्लेला. पेन्शनीत दरवर्षी ते काम पुढं ढकललं गेलं होतं.

आकारामचा जीव भांड्यात पडला. "हां! हितं मातुर खर्च हाय. ह्ये आदी काढाय पायजे. जुन्या घरात कुनीबी पैलं ह्येच काढतंय."

तेजस्वीनं लांबनंच मान वाकडी करून आत बघितलं. "ते असू दे. चालतंय तेवढं. उगं खर्च वाढवायचा कशाला?"

अंजनाबाई चौकटीला हात लावून उभ्या होत्या. ते वाक्य त्यांच्या कानातनं आत उतरलं आणि सगळं कळलं. जिथं ह्या माणसांचं अन्न शिजणार, पाणी साठणार, धान्य राहणार, तेवढं तेवढं फोडायचं होतं, कारण तिथं अंजनाबाईंचा हात लागला होता. जिथं ती मंडळी सकाळी बसणार होती तिथं तो हात चालत होता. तडकलेलं भांडं चालत होतं, गंजका पत्रा चालत होता. लख्ख ओटा चालत नव्हता. आणि ह्याच माणसांच्या पोटात ह्याच ओट्यावर केलेले पोहे होते, दोन बशा.

त्यांनी तोंडाला पदर लावला. नवख्या पोरी ड्रेसिंगच्या टेबलापासून का पळायच्या, ते त्यांना त्या घडीला समजलं. जखमेत नुसते किडे असतात. ह्या किड्यांनी पावडर लावली होती.

बाहेरच्या खोलीत आकारामनं बेरीज केली. आकडा साडेपाच लाखांवर गेला. आण्णानं घसा साफ केला. "तर सिस्टर, पावण्यास्नी घर पसंत हाय. फकस्त एवढा खर्च त्यास्नी घालावा लागणार. तेवढा किमतीतनं वजा करा, उद्या इसार देतील. रीतच हाय की ती."

"ओल, वाळवी, वायरिंग. ते वजा करा," अंजनाबाई म्हणाल्या. "त्येला माझी ना न्हाय. ओटा का फोडायचा, तेवढं सांगा."

रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणं लावून गेला. तो लांब जाईपर्यंत सगळ्यांनी त्याचा आधार घेतला.

मग विजयसिंह हसला. "मावशी, आमच्या आईंच्या समाधानासाठी हो. जुनं माणूस. आमचं काय न्हाय."

"त्या हितं राहणार हाईत?"

"न्हाय. त्या गावाकडंच असतात."

"मग सणावाराला येणार?"

"त्यास्नी परवास सोसत न्हाय," तेजस्वी मध्येच म्हणाली आणि आपणच ओठ चावला. मग तिचा आवाज आणखी गोड झाला. "मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नगासा. आम्ही तसलं मानलं असतं तर आत्ता तुमच्यात चहा घेतला असता व्हय?"

तुमच्यात. मघापासून मावशी-मावशी करत घरभर फिरलेल्या जिभेवर हा शब्द किती सहज बसला होता. रोज वापरातल्या चपलेसारखा.

"घेतलासा की," अंजनाबाई म्हणाल्या. "पोटातला चहा कुणाला दिसतोय? ओटा पै-पावण्यास्नी दिसतो." मग त्या मिस्त्रीकडं वळल्या. "आकाराम, तुमचा अंदाज चुकलाय. अजून धरायचं राहिलंय."

"काय राह्यलं?" आकारामनं खाली बघतच विचारलं.

"भिंतीला पाणी मी मारलंय. मघाशी वाजवून बघितलंसा न्हवं, घागरीवाणी वाजतीया म्हणालासा? माझ्याच घागरीचं पाणी प्यालीया ती. संघप्रिया पोटात होती तवाबी आणत होतो मी. पायाला मी पाजलंय, जोत्याला मी पाजलंय, सलॅबवर तर आळी करून पाणी साठवलं होतं. ते पाणी आत मुरलंय. ओट्याला माझा हात वरनं लागला, भिंतीत मी आतनं हाय. ते कसं काढणार? भिंती धरा. सलॅब धरा. पाया उकरायचा धरा, आन माती कुठं टाकायची त्येचं भाडंबी धरा."

"मग राहतंय काय?" आण्णा वैतागून म्हणाला.

"संडासाचं भांडं. ते दुकानातनं तयार आणलेलं, त्येला पाणी मारलं न्हवतं. पावण्यास्नी ते पसंत हाय. तेवढं उचलून न्या म्हणावं, पैसं नकोत मला."

विजयसिंह उठला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं गोड एका क्षणात उतरलं, कल्हई गेल्यावर भांडं दिसावं तसं. "चल गं. बोलायची पद्धत न्हाय ह्या लोकांस्नी," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला. 'ह्या लोकांस्नी' म्हणताना मात्र त्याला आईचं निमित्त लागलं नाही.

आण्णा मागं रेंगाळला. "वर्षभरात गिऱ्हाईक एकच आणलं मी, आन तुम्ही ते असं घालवलंसा. फोटो आत ठिवा म्हणालो तवा ऐकलं असतंसा तर..."

"फोटो आत ठिवून मला कुठं ठिवणार होतास?"

आण्णा हात झाडत गेला. आकाराम चपला शोधण्याच्या निमित्तानं दारात थांबला. "बाई, माझा काय दोस? गिऱ्हाईक धर म्हणलं की आमी धरायचं."

"ओट्याला हात लावलासा तवाच तुमाला कळलं होतं, आकाराम. मी बघत होतो तुमच्याकडं. पेन्सिल थांबली, पर परत चालू झाली." त्यांचा आवाज चढला नाही. "जावा तुम्ही."

ह्या माणसाची किळस त्यांना सगळ्यांत जास्त आली. बाकीच्यांना निदान लाज नव्हती. ह्याला लाज होती, आणि ती खिशात ठेवून हा बेरीज करत बसला होता.

संध्याकाळी संघप्रियाचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, मला तुझा राग न्हाय. पर एक विचारते. घर एकदा विकल्यावर त्यांनी ओटा फोडला काय, पुजला काय, आपल्याला काय? आपण वडगावात. दृष्टीआड गेलं असतं."

"फोडू देत की. विकलेल्या घराला मी कुठं पाहाय येणार होतो? पर फोडायचं बिल माझ्याकडनं मागत होती गं ती. माझी घाण काढायचे पैसे मीच देऊ? घरमालकाला सांग, थांबू नगा म्हणावं."

"असं घर परत न्हाय मिळणार, आई. माझ्या दारातनं दिसतंय ते. आन तुझे गुडघे..."

"ठाऊक हाय."

"विचार कर एकदा. आण्णाला मी बोलते. थोडंफार कमी-जास्त करून..."

"सांग घरमालकाला, थांबू नगा म्हणून," अंजनाबाई परत म्हणाल्या. लेकीनं बरं म्हटलं. तिचा आवाज ओला झाला होता. आईचा झाला नव्हता. आठ दिवसांत वडगावचं ते घर दुसऱ्या कुणी घेतलं.

फोन ठेवल्यावर अंजनाबाईंच्या लक्षात आलं, मंडळी खालचं गेट सताड उघडं टाकून गेली होती. रस्त्यावरची गुरं आत शिरून जास्वंदीवर तोंड टाकत होती. वरनं हाकारून भागेना. त्यांनी भिंतीला तळहात लावला, तोंड घराकडं केलं आणि उलटं पाऊल टाकत, एकेका पायरीवर दम घेत त्या खाली उतरायला लागल्या.