दिवसपाळी

माण गावातली ही खोली घेतली तेव्हा घरमालकीणबाईंनी एकच विचारलं होतं, "एकटंच ऱ्हाणार का तुमी?" दोन वर्षांनीही उत्तर तेच होतं. भर पडली ती एवढीच की बदली झालेल्या एका सहकाऱ्याने जाताना कॉकटेल पक्ष्यांची, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटांची, जोडी पिंजऱ्यासकट माझ्या गळ्यात मारली.

मादीने पिंजऱ्यातल्या लाकडी खोक्यात एक दिवसाआड चार अंडी घातली. मग कळलं, यांच्यात उबवायच्या पाळ्या असतात. दिवसा नर, रात्री मादी. चौथं अंडं आलं त्याच आठवड्यात पाणी बदलताना मी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं, गॅलरीचंही. नर समोरच्या अर्धवट इमारतीच्या सळईवर जाऊन बसला, दोनदा शीळ घातली आणि गेला. चूक सरळसरळ माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मादी उठली, दाणे खाल्ले आणि काठीवर बसून नराला हाका मारत राहिली. खोक्यात जाईना. अंडी गार पडायला लागली. शेवटी थर्माकोलच्या डब्यात बल्ब, पाण्याची वाटी आणि थर्मामीटर ठेवून नराची दिवसपाळी मीच धरली. डबा लॅपटॉपशेजारी. मीटिंग चालू असतानाही अंडी फिरवायची. संध्याकाळी अंडी खोक्यात ठेवली की मादी मुकाट आत.

"काय ओ, अंड्यावर बसल्या कोंबडीगत तुमीच खुडूक झालाय की!" घरमालकीणबाई हसल्या. मग खालून एक गंजका खिळा घेऊन आल्या. "ह्यो डब्यात ठिवा. ढग गरजलं की अंडी नासत्यात." माझा विश्वास नव्हता. तरी ठेवला.

मोबाइलच्या उजेडावर धरून पाहिलं तर दोन अंडी कोरीच निघाली, आत जीव धरलेलाच नव्हता. तिसऱ्यातल्या लाल शिरा मधेच काळवंडल्या. चौथ्याशी मी बोलायला लागलो. कामाचं सोडून दिवसभरात दुसऱ्या कुणाशी बोलणं होतच नव्हतं.

तीन आठवडे होत आले तेव्हा एका दुपारी डब्यातून बारीक चिवचिव आली. कवच फुटून ओलं, गुलाबी पिल्लू बाहेर पडलं. वाळल्यावर त्याला खोक्यात ठेवलं, तर मादीने माझं बोट रक्त येईपर्यंत चावलं आणि त्याला पोटाखाली घेतलं.

बघायला वर आलेल्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "झालं तुमचं काम. आता न्हाई लागत तुमी." मला आनंद झाला होता, खरंच. पण ते वाक्य लागलं.

दुसऱ्या सकाळी आठला सवयीने बल्ब लावला. मादी पिल्लावरून उठलीच नाही. डब्यात फक्त खिळा होता. तरी बल्ब मी बंद केला तो संध्याकाळी, पाळी संपल्यावर.