युरोला इसार

आमच्या केजात भाव चढला म्हणजे आनंदाची बातमी. सोयाबीनचा चढो, कापसाचा चढो, तुरीचा चढो. चढला की माणूस हॉटेलात चहा सांगतो, आणि उतरला की त्याच हॉटेलात दुसरा कुणी चहा सांगतो का याची वाट बघत बसतो. त्यामुळे युरो पहिल्यांदा चढला तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, मला चहा पाजला. वर भजी सांगितली.

"चढला बे! दोन दिवसांत रुपयानं चढला!"

मीही आधी भजी संपवली. मग म्हणालो, "दादा, आपल्याला युरो विकायचा न्हाई. घ्यायचा हाय."

दादाच्या हातातली बशी जागीच थांबली. आयुष्यभर त्यानं मोंढ्यावर माल विकलेला. गिऱ्हाईकाच्या बाजूला उभं राहून भाव बघायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

झालं होतं असं. दादाची मुलगी आयर्लंडमध्ये नर्स आहे. भाड्याला कंटाळून तिनं तिथं घर घ्यायचं ठरवलं. नव्या वसाहतीत दोन तऱ्हेची घरं होती, दोन खोल्यांचं आणि तीन खोल्यांचं. तिची शिल्लक आणि तिथल्या बँकेचं कर्ज मिळून दोन खोल्यांचं घर आरामात बसत होतं. तिसऱ्या खोलीला तीस हजार युरो कमी पडत होते. पोरीनं पैसे मागितले नाहीत. तिनं फक्त नकाशा पाठवला आणि त्या तिसऱ्या खोलीवर लिहिलं, 'आई-बाबा'.

यापेक्षा मागितले असते तर स्वस्तात सुटलो असतो, असं दादा अजून म्हणतो.

त्यानं बायपासचा प्लॉट विकायला काढला. गिऱ्हाईकही लगेच मिळालं. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून गिऱ्हाइकानं इसार दिला, बाकीचे पैसे दिवाळीनंतर, खरेदीखताच्या दिवशी. पोरीलाही पैसे दिवाळीनंतरच भरायचे होते. फक्त घर दोनचं की तीनचं, हे तिला दसऱ्याच्या आत सांगायचं होतं. सौदा झाला त्या दिवशी युरो पंच्याण्णवच्या आसपास होता. हिशोब केला तर प्लॉटच्या पैशात खोली अशी बसली की जणू मापानंच शिवली होती.

पण प्लॉटचा भाव ठरला होता रुपयात, आणि खोलीचा युरोत. प्लॉट जागचा हलत नव्हता आणि युरो घटकाभर जागेवर बसत नव्हता. एका रुपयानं चढला की दादाच्या खोलीतून तीस हजार रुपये वजा. घर तेच, भिंती त्याच, आयर्लंडात कुणी एक वीट महाग केलेली नाही. आणि तरी केजात बसलेल्या माणसाला ते घर रोज महाग होत होतं. हे दादाला समजावून सांगताना मी इतका रंगात आलो की त्यानं मला विचारलं, "तुला कावून एवढी मजा यायलीय?"

मजा येत होती हे खरं. लपवत नाही.

माझं बसस्टँडजवळ खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक काळा फळा. त्यावर रोज सकाळी कोणतं खत आहे, किती आहे आणि काय भाव आहे, हे खडूनं लिहायचं. दादा सकाळी शेताकडं जाता जाता दुकानावर यायचा आणि युरोचा भाव विचारायचा. मोबाइलवरचा आकडा त्याला खरा वाटायचा नाही. मोबाइल काय, काहीही दाखवतो. खडूनं लिहिलेला आकडा मात्र त्याला सरकारी वाटायचा. म्हणून मी फळ्यावर युरिया, डीएपी, पोटॅश यांच्या खाली आणखी एक ओळ वाढवली. युरो: सत्त्याण्णव रुपये चाळीस पैसे.

दादा तो आकडा बघायचा, घरी जायचा आणि भिंतीवर चिकटवलेल्या नकाशात त्या तिसऱ्या खोलीत पेन्सिलीनं रेघ मारायचा. रुपयाला एक रेघ. गेलेली जागा. मी एकदा संध्याकाळी गेलो तर वहिनी भाकरी थापता थापता विचारत होती, "आज काय गेलं? खाट का खिडकी?"

"खाट गेली," दादा म्हणाला. "खिडकीला अजून चाळीस पैसे हायत."

वहिनी हसली, पण भाकरी तव्यावर जरा जोरातच पडली. तिला त्या खोलीत जाऊन राहायचं होतं. चार वर्षांत लेक तिनं फोनच्या काचेतूनच बघितली होती. ती हे कधी बोलली नाही. नकाशावरची धूळ मात्र रोज पदरानं पुसायची, आणि पुसताना पेन्सिलीच्या रेघांवरून जरा जास्तच घासायची.

मग युरोनं शंभरी गाठली. मी फळ्यावर ठसठशीत लिहिलं, युरो: शंभर रुपये दहा पैसे. आणि मालाच्या गाडीची चौकशी करायला आत गेलो.

ते दिवस युरियाच्या टंचाईचे. पिकं उभी, पाऊस झालेला, आणि गोणीसाठी माणसं सकाळपासून फिरत असलेली. बाहेर आलो तर सायकलवरून उतरलेला एक जण फळ्याकडं टक लावून उभा.

"ह्यो युरो कधी आला?"

"सकाळीच आला," मी म्हणालो. देवाशपथ, मला वाटलं तो दादाकडून ऐकून आला असेल.

"आन शंभर रुपये?"

"शंभर दहा पैसे."

"लई स्वस्त हाय की! युरियापरीस निम्म्यात! मागं नॅनो युरिया आलता, आता युरो काढला का?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं फोन लावला. "आरं, नवीन खत आलंय. युरो. शंभर रुपये. आधार कार्ड घिऊन ये, पळ!"

खरं सांगायचं तर त्याला त्याच वेळी थांबवायला हवं होतं. पण माझ्यात एक वाईट खोड आहे. एखादी गोष्ट रंगायला लागली की ती कुठवर जाते हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हटलं, येतील दोघं-चौघं, हसू, सांगू.

तासाभरात दुकानापुढं चाळीस माणसं. प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड. रांग हॉटेलाच्या दारापर्यंत गेली आणि हॉटेलवाला मला लांबूनच नमस्कार करायला लागला.

"कपाशीला चालतंय का?"

"दाणेदार हाय का पावडर?"

"एका आधारवर किती गोण्या?"

मी फळ्यासमोरच्या बाकड्यावर चढलो. हात जोडले. "मंडळी, युरो हे खत न्हाई! परदेशातला पैसा हाय!"

"म्हंजे परदेशी खत," मागून कुणीतरी समजावून सांगितलं. रांग आणखी घट्ट झाली.

तेवढ्यात तालुक्याचे कृषी अधिकारी मोटरसायकलवरून आले. गर्दी बघून कुणीतरी त्यांना कळवलं होतं. भला माणूस, पण त्या दिवशी चेहरा कडक. "हे कुठलं खत आहे? परवान्यात नाही. साठा दाखवा."

"साहेब," मी म्हणालो, "साठा आयर्लंडात हाय. हे खत न्हाई. दादाच्या लेकीच्या घरातली एक खोली हाय."

साहेबांनी फळा वाचला. मग मला वाचलं. मग खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला, तो हसू लपवायला की घाम पुसायला, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. "ती ओळ पुसा आधी," एवढंच म्हणाले आणि रांगेला सांगून टाकलं की असलं खत नसतं. रांग मला ठेवणीतल्या शिव्या देत पांगली. दोघं-तिघं तर फक्त शिव्या द्यायला थांबले.

एक म्हातारबुवा मात्र हलले नाहीत. कानानं कमी असावेत. त्यांनी कोपरीच्या खिशातून शंभराची नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"ह्यो इसार धर. धा गोण्या आजच्या भावानं बांधून ठिव माज्यासाठी. पैसे कापूस निघाल्यावर दीन. मंग भाव किती का चढंना, तुज्या-माज्यात आजचाच भाव."

मी हसून हसून बाकड्यावर बसलो. दादा दुकानात होता, तोही डोळे पुसायला लागला. नोट परत केली, म्हातारबुवांना वाटेला लावलं. माझा जेवणाचा डबा वहिनीच्या हाताचाच असतो. तो घेऊन ती मघापासून दारात उभी होती. ती काही हसली नाही.

"भावजी," ती म्हणाली, "ते म्हातारं काय चुकीचं बोललं?"

"वहिनी, युरो खत न्हाई, म्हणून..."

"ते न्हाई म्हणत मी. खताला इसार देता येतो, प्लॉटाला येतो, म्हशीला येतो. मंग युरोला कावून न्हाई?"

मी दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "खुळी हाय का तू? भावाला कुटं इसार असतो?"

"इचारायला काय पैसे पडतेत का?" वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं बीडला, बँकेच्या मोठ्या शाखेत. परदेशी पैशाचं काम बघणारा अधिकारी तरुण आणि नम्र. वहिनी खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "युरोला इसार द्यायचा हाय."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी शक्य तितका गंभीर चेहरा केला.

"म्हणजे काकू?"

"पैसे दिवाळीनंतर येणार हायत. पण भाव आज बांधायचा. मंग चढला तर तुमचं नशीब, उतरला तर आमचं."

अधिकारी खुर्चीत सरळ झाला. "काकू, याला आम्ही फॉरवर्ड म्हणतो."

"तुमी काय बी म्हना. होतं का?"

"होतं. घराचे कागद दाखवा, काही रक्कम आमच्याकडं अडकवून ठेवावी लागेल. फक्त भाव आजच्यापेक्षा थोडा जास्त पडेल, कारण घेणं तीन महिन्यांनंतरचं आहे."

"उधारीचा भाव जास्तच असतो," वहिनी म्हणाली, जणू हे त्या बँकेनं तिच्याकडूनच शिकलं होतं.

"आणि एक. उद्या युरो खाली आला तरी तुम्हाला ठरल्या भावानंच घ्यावा लागेल."

हे ऐकून दादा उठूनच उभा राहिला. "बघ! हेच म्हणतो मी! उद्या पडला तर? जरा थांबू. दसऱ्यापर्यंत पडंल."

"प्लॉट घेणाऱ्यानं इसार दिला," वहिनी शांतपणे म्हणाली, "तवा तुमी त्येला काय बोललाव? उद्या जागेचा भाव दुप्पट झाला तरी शब्द फिरवायचो न्हाई. म्हणलाव का न्हाई?"

"म्हणलो."

"मंग त्यो तुमाला खुळा वाटला का?"

दादा खाली बसला. पण लगेच त्याला दुसरं सुचलं. "आगं, पण आत्ताच कमी पडायलेत. शंभरच्या वर भाव बांधला तर पावणेदोन-दोन लाखांचा खड्डा हाय."

"हाय ना खड्डा. केवढा हाय ते तरी कळलं. माजी भिशी हाय, सोयाबीन हाय, बुजवू. रोज मोठा होणारा खड्डा कशानं बुजवायचा?"

अधिकारी लिहायचं थांबून ऐकत होता. माझी खात्री आहे की पुढच्या गिऱ्हाईकाला त्यानं हेच वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवलं असणार. प्लॉटच्या इसाराचे पैसे होते, तेच बँकेत अडकवले. वहिनीनं पोरीला तिथूनच फोन लावला. "तीनचं घे," म्हणाली आणि पुढचं काही ऐकायच्या आत फोन ठेवून दिला. डोळ्यांत काही गेलं असावं. बँकेत एसी असतो, पण धूळही असतेच.

आता युरोचा स्वभाव ऐका. आम्ही सही केली आणि चारच दिवसांत तो घसरायला लागला. दादानं घरात सुतक पाळल्यासारखा चेहरा केला. मला वाटेत अडवून विचारायचा, "आज किती?" मी सांगायचो, "दादा, मी फळ्यावर लिहायचं बंद केलंय." "तोंडानं सांग की." तोंडानं सांगितलं की पाठ फिरवून चालायला लागायचा. मग नवरात्रात युरो पुन्हा चढला, आणि वहिनी किती शहाणी आहे हे दादानं सगळ्या मोंढ्याला सांगितलं. दिवाळीत पुन्हा उतरला, तेव्हा बायकांचं ऐकू नये असंही त्यानं त्याच मोंढ्याला सांगितलं.

खरेदीखत झालं, प्लॉटचे पैसे आले, भिशी आली, सोयाबीन गेलं. आम्ही पुन्हा बीडला. पैसे आयर्लंडला गेले. कागदावर शिक्का पडला. दादानं हळूच अधिकाऱ्याला विचारलं, "आज बाजारात काय भाव हाय?"

अधिकाऱ्यानं आमच्याकडं न बघता आकडा सांगितला. आम्ही बांधलेल्या भावापेक्षा चाळीस पैशांनी कमी होता. दादानं बोटांवर हिशोब केला. बारा हजार.

"बारा हजार गेले," तो म्हणाला.

"सौद्याची पान-सुपारी समजा," वहिनी म्हणाली आणि उठली.

बाहेर आलो. मी स्टँडकडं वळलो, दादाही वळला. वहिनी मात्र समोरच्या फोटो स्टुडिओत शिरली.

"आगं, एसटी सुटंल!" दादा ओरडला.

"पासपोर्टाचे फोटो काढायचेत. बसा हितं."

फोटोवाल्यानं दादाला स्टुलावर बसवलं, टोपी काढायला लावली, मान सरळ केली. "काका, हसायचं नाही. दात दिसले की फोटो चालत नाही."

दादानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. फोटोवाला कॅमेऱ्यामागून बाहेर आला. "काका, तोंड मिटा."

"आवो, कशाला दात काढताव?" वहिनी खेकसली. "बारा हजार गेलेत ना तुमचे? त्येंची आठवण काढा!"

दादानं प्रामाणिकपणे बारा हजारांची आठवण काढली. भुवया आवळल्या, ओठ दाबले, लाल झाला.

"काही उपेग न्हाई," तो म्हणाला. "मिटतच न्हाई तोंड."