निलम्माची तुटकी रेघ

भालकीच्या बसस्टँडासमोर अमृतप्पा पेंटरचं दुकान होतं. तो दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, सोसायट्यांचे फलक रंगवायचा आणि त्याची बायको निलम्मा आत बसून त्यानं आखलेल्या अक्षरांत रंग भरायची. निलम्मा चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकलेली. मराठी अक्षरं ती नवऱ्याच्या पाट्या भरता भरताच शिकली. दहा-बारा वर्षांत तिचा हात असा बसला, की गर्दीच्या दिवसांत अमृतप्पा पाटी तिच्यावर सोडून जेवायला जायचा. खाली नाव मात्र त्याचंच असायचं, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे.

अठ्ठ्याऐंशी साली करजवाडीचा यशवंत दुकानात आला. करजवाडी हे निलम्माचं माहेर. यशवंत तिथल्या बौद्ध वस्तीतला, बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात कामाला. त्यानं कारखान्यातल्याच चार पोरांबरोबर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर गाणी बसवली होती. पार्टीचं नाव ‘वणवा’. हैदराबादला त्यांची कॅसेट निघणार होती आणि तिच्या कव्हरवरची अक्षरं त्यांना भालकीतच काढून हवी होती. नमुना म्हणून त्यानं एका इंग्रजी बँडची कॅसेट आणली होती. तिच्यावरची अक्षरं विजेसारखी टोकदार आणि तडकलेली.

अमृतप्पानं तीनदा लिहून दिलं. यशवंत मान हलवीत राहिला. “मामा, हे किराणा दुकानावानी दिसायलंय.”

अमृतप्पा वैतागून चहाला गेला. निलम्मानं ब्रश घेतला. कानडीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याचं स्वतंत्र तलकट्टू, म्हणजे छोटी रेघ, असतं, सगळ्यांवरून एकच रेघ जात नाही. तिनं ‘वणवा’ तसाच लिहिला. वरची रेघ जागोजाग तोडली, प्रत्येक तुकडा जरा तिरपा केला आणि अक्षरांचे पाय जळत्या काडीसारखे निमुळते ओढले.

“अक्का!” यशवंत एवढंच म्हणाला आणि कागद ओला असतानाच घेऊन गेला.

कॅसेट निघाली आणि चालली. रसवंत्यांत, वडापच्या जीपमध्ये वाजायला लागली. पोरं वह्यांवर तसली तुटक्या रेघेची अक्षरं काढायला लागली. करजवाडीच्या फाट्यावर निलम्माचा थोरला भाऊ गुरुशांतप्पा याचं हॉटेल होतं. त्यालाही ती अक्षरं आवडली. “माझ्या हाटेलाचा बोर्ड ह्याच अक्षरात पायजे,” असा त्यानं निरोप धाडला. पंचमीला माहेरी जायचंच होतं, म्हणून नवरा-बायको रंगाचे डबे घेऊनच गेले.

हॉटेलात टेपवर वणवाचीच गाणी लागली होती. निलम्मा आत बाकावर चहा पीत होती. तेवढ्यात यशवंतची आई सुभद्राबाई आली. ती आत आली नाही. बाहेरच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप तिनं स्वतःच विसळला आणि पुढं धरला. पोऱ्यानं वरून चहा ओतला. ती पायरीखाली उकिडवी बसून प्याली, कप पुन्हा विसळून कोनाड्यात ठेवला. टेपवर तिचाच लेक गात होता.

निलम्मानं हे लहानपणापासून पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र तिनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

“अण्णा, तिला आतल्या कपात दे की.”

“गिऱ्हाईक तुटतील, निला. तुला काय जातंय बोलायला?”

“अन् तिच्या पोराची गाणी कामून लावतोस मग?”

“गाण्याला इटाळ असतो का?” गुरुशांतप्पा हसला. बाकावरचे लोकही हसले.

दुसऱ्या दिवशी भालकीचा बाजार. गुरुशांतप्पा हॉटेल बंद करून साखर आणायला गेला, अमृतप्पा वार्निशसाठी त्याच्याबरोबर. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. निलम्मा बोर्ड भरायला बसली होती. ती उठली, स्टूल भिंतीला लावलं आणि हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर त्याच तुटक्या रेघेच्या अक्षरांत, लाल रंगात लिहिलं: सगळ्यांना एकच कप.

तिनं हात धुतले. पुसावं असं वाटलं. पण ऑइलपेंट चुन्यात मुरला होता.

बाजाराहून जीप आली तशी फाट्यावर गर्दी जमली. अक्षरं सगळ्यांनी ओळखली. वणवाची अक्षरं, म्हणजे वणवाचीच पोरं. यशवंत सुट्टीवर गावात होता. कुणीतरी ओरडलं, “ओढून आणा त्याला!” दोघं-चौघं काठ्या आणायला पळाले. गुरुशांतप्पा लाल झाला होता. “माझ्या दारात लिहितो? हात ठेवीत न्हाई त्याचा.”

अमृतप्पा भिंतीसमोर उभा होता. रेघेचा तिरपेपणा पाहून त्यानं बायकोकडं पाहिलं. ती खाली बघत होती. त्याला कळलं. त्यानं वार्निशची बाटली खाली ठेवली.

लोक वस्तीच्या वाटेला लागले तशी निलम्मा पुढं झाली.

“थांबा. मी लिहिलंय.”

“आत जा, निला,” गुरुशांतप्पा म्हणाला.

“अण्णा, मी लिहिलंय म्हणते न्हवं.”

“त्या पोराला वाचवायलीस. तुला कुठं येतंय लिहायला? तू रंग भरतीस.”

गर्दीतून कुणी हसलं. काठ्या घेतलेले दोघं पुढं चाललेच होते. निलम्मानं स्टूल ओढलं. ती चढली. हातात ब्रश होता, रंगाचा डबा लांब राहिला. तिनं वळून पाहिलं. अमृतप्पानं डबा उचलला आणि दोन्ही हातांनी धरून स्टुलाजवळ उभा राहिला. मेव्हण्याकडं त्यानं पाहिलं नाही.

तिनं पहिल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिली. सगळ्यांसमोर, अक्षर अक्षर. शेवटच्या ‘प’वरची रेघ तोडली. काठ्यावाले वाटेतच थबकले होते. बाईवर, त्यातही गावच्या लेकीवर काठी कशी उचलायची, हे त्यांना सुचत नव्हतं.

गुरुशांतप्पा जवळ आला. त्यानं हात उगारला. सगळ्यांना वाटलं, मारतो. हात तसाच खाली आला.

“आजपासून माहेर न्हाई तुला.”

ते दोघं शेवटच्या बसनं भालकीला परतले. अर्ध्या रस्त्यात अमृतप्पा म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर?”

“तुम्ही नको म्हटलं असतं.”

“व्हय,” तो म्हणाला. “म्हटलं असतं.”

गुरुशांतप्पानं भिंतीला चुना मारला. यशवंतनं मात्र वेगळ्या कपाबद्दल तहसीलला अर्ज दिला. चौकशीच्या धास्तीनं कोनाडा बुजवला गेला आणि आतलेच कप सगळ्यांना मिळायला लागले. काही जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या हॉटेलात जायला लागली, आणि त्याचा राग गुरुशांतप्पानं बहिणीवरच धरला. आसपासच्या गावांतली कामंही अमृतप्पाच्या हातून गेली. वर्षभर त्यांनी ट्रक रंगवण्यावर भागवलं. नवरा-बायकोत भांडणं झाली, ती याच्यावरूनच झाली. सुभद्राबाई एकदा दुकानात आली, निलम्माजवळ बसली आणि थोड्या वेळानं उठून गेली.

नव्वद साली गुरुशांतप्पाच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका पोस्टानं आली. तिच्यावर फक्त अमृतप्पाचं नाव होतं. निलम्मा तरी गेली. भाऊ मांडवाच्या दारातच उभा होता. 

“आलीस?”

“व्हय.”

“जेवून जा.”

तिनं भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, ती पंगतीत बसून जेवली आणि संध्याकाळच्या बसनं परत आली.