एकच पत्ता, दोन लेखक

भूतपिशाच्च, करणी, अंगात येणं... यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आयुष्यभर विश्वास ठेवला तो दोनच गोष्टींवर: लिहिलेला शब्द आणि विश्वनाथअप्पा. सध्या एकच उरली आहे, तीही डळमळीत.

गाव केज तालुक्यातलं. मी निवृत्त शिक्षक. अप्पांचं अडतीचं दुकान, शिवाय ते गावच्या वाचनालयाचे सचिव. तीस वर्षांची मैत्री. वाचनालयाची वेबसाइट निघाली तेव्हा अप्पांनी माझ्याकडून गावाचा इतिहास लिहून घेतला. दोन वर्षं लागली. घरच्या कॉम्प्युटरवर त्याखाली माझं नाव दिसायचं. रोज सकाळी एकदा बघायचो — खोटं कशाला सांगू.

मग एकदा केजच्या जीपमध्ये शेजारच्याने मोबाइल पुढे केला. "सर, अध्यक्षसाहेबांनी इतिहास लई भारी लिवलाय बगा!"

वाक्यं माझी. बारवेच्या पायऱ्या मोजताना झालेली चूकसुद्धा माझी. नाव आणि हात जोडलेला फोटो मात्र वाचनालयाच्या अध्यक्षसाहेबांचा.

परतल्यावर थेट दुकान गाठलं. "अप्पा, हे काय हो?"

अप्पांनी आधी चहा सांगितला. म्हणजे खरं होतं.

"सायबांचं मन मोडता येत न्हाई, सर. तुमचं बी न्हाई. म्हणून दोन पानं करून घेतली. मोबाइलवर त्यांचं, कॉम्प्युटरवर तुमचं. पत्ता एकच."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुमच्याकडं साधा फोन. तुमाला कधी दिसलंच नसतं."

"गावात कॉम्प्युटर कुणाकडे आहे, अप्पा?"

अप्पा समोरच्या तुरीच्या ढिगाकडे बघत राहिले. "तुमच्याकडं हाय की."

इथपर्यंत अमानवीय काहीच नाही. माणसं अशीच वागतात.

मी म्हणालो, माझं पान काढून टाका. अप्पांनी माझ्यासमोरच वेबसाइटवाल्याला फोन लावला आणि ते पान पुसलं गेलं. सुट्टीला आलेल्या माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपवर पाहिलं — साहेब. घरी येऊन माझा कॉम्प्युटर लावला... माझं नाव. पुतण्याने आत साठलेलं जुनं सगळं पुसलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तरी माझंच नाव. वेबसाइटवाला म्हणतो, "सर, तसलं पान आता कुठंच न्हाई."

चार महिने झाले. कारण कुणालाच सांगता आलेलं नाही. अप्पांच्या दुकानावरून जायचं मी सोडलंय, पान उघडायचं मात्र सुटत नाही. काल त्याच्या तळाशी एक नवी ओळ आली: 'उत्तम अनुभवासाठी हे पान मोबाइलवर पाहा.'