मिलिंदच्या घरचा सर्व्हर

कुंभारी रोडला टेम्पोनं मिलिंदला समोरून उडवल्याचा फोन आला, तेव्हा मी सात रस्त्यावरच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होतो. शवागारात त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. दंडावरचा वण मात्र ओळखला... तो मी केलेला.

मिलिंद माझा शाळेपासूनचा दोस्त, हात उचलायला वेळ लावायचा नाही. शाळेत कुणी त्याच्या वडिलांच्या गाण्याची नक्कल केली, तर यानं त्या पोराचं डोकं नळावर आपटलं होतं. वडील जयंतीला गावोगाव भीमगीतं गायचे. ते गेल्यावर मिलिंदनं त्यांचे व्हिडिओ, कॅसेटी जुळे सोलापूरच्या घरातल्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, बुरशी लागलेल्या मूळ कॅसेटी सगळ्या टाकून दिल्या आणि कुठल्याही स्क्रीनवर बघता यावं म्हणून त्या कॉम्प्युटरचाच सर्व्हर केला. घरच्या टीव्हीवर वडील गायला लागले. पण त्याची मुलगी प्रज्ञा पुण्याला होस्टेलवर. तिला काही दिसेना.

"आरं, हितं झकास चालतंय की. पोरीकडं नुसतं गोल फिरतंय," त्याचा फोन.

"फायरवॉल अडवत असेल. बाहेरच्याला आत सोडत नाही ती."

"मग सांग की तिला, ही घरची पोरगी हाय म्हून!"

त्यात एकच वाट मोकळी करायची, तिला पासवर्ड लावायचा, हे मला माहीत होतं. पण समजावत बसायला लागलं असतं आणि समोर गिऱ्हाईक होतं. "सगळीच बंद करून टाक," मी म्हणालो. पुण्यात आजोबा गायला लागले. मिलिंद फोनवर रडला. फायरवॉल परत चालू कर, हे सांगायचं मी विसरलो.

पुढं कुणीतरी बाहेरून शिरलं, सगळ्या फायलींना कुलूप घातलं आणि पैसे मागायला लागलं. मिलिंद कॉम्प्युटरचा डबा घेऊन दुकानात आला. मी बघितलं, काही उघडण्यासारखं नव्हतं.

"कसं काय झालं रं?"

"तूच काहीतरी दाबलं असशील."

"तोंडावर खोटं बोलतो व्हय रं, भाड्या?" मान धरून त्यानं माझं तोंड काउंटरवर आपटलं. दोन दात पडले. मी खाली कोसळलो तरी बरगडीत लाथा चालूच. मग मीही हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याच्या दंडात खुपसला. डब्याला एक लाथ घालून त्यानं तो उचलला आणि रक्त टपकत निघून गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

मिलिंद गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या घरी जेवताना प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. "काका, बाबांना शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. फायरवॉल मीच बंद केली, मला अक्कल न्हाय, म्हणायचे."

घरी त्यानं माझं नाव घेतलंच नव्हतं. आणि मी, तिच्यासमोर, मान हलवत जेवलो.

प्रज्ञा, ती मी बंद करायला लावली. तुझ्या बाबांनी फक्त माझं ऐकलं.

त्यांच्या टीव्हीखाली तो चेपलेला डबा अजून आहे, वायर गुंडाळून ठेवलेली. घरी मी एकाच बाजूनं चावतो... आणि दर घासाला जीभ त्या दोन दातांच्या जागी जाऊन येते.